घराखालची जमीन

परवडणारे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारतीतला फ्लॅट येतो. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मात्र प्रश्न अनेकदा भिंतींचा नसतो, भिंतींखालच्या जमिनीचा असतो.

डिचोलीतले मये गाव घ्या. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, जमीनदार पोर्तुगालला गेले आणि त्यांची मालमत्ता पुढे सरकारी कस्टोडियनकडे आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्यांची घरे मात्र दुसऱ्याच्या जमिनीवरच राहिली. चिऱ्यांची भिंत खचली, छपराचे नळे फुटले, तरी दुरुस्तीला परवाना हवा; आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, आपले नावच नाही! त्यांना मालकी देणारा कायदा व्हायला 2014 साल उजाडले. हा उशीर मला फार खुपतो.

पेडण्यात मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि जमिनीचे भाव गावच्या तरुणाच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच वर्षी आलेला तालुक्याचा झोनिंग आराखडा लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. गावकऱ्यांच्या घरांसाठी जागा राखायची ती अशा आराखड्यातच. म्हणून तो आधी ग्रामसभेत, मराठी-कोंकणीत वाचला गेला पाहिजे.

तोवर हाताशी आहे 1975 चा मुंडकार कायदा. पंचायत क्षेत्रात मुंडकाराला, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, घरासह 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. अर्ज मामलेदाराकडे करायचा. वास्तव्याचा पुरावा म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि विजेची बिले ट्रंकेतून आजच काढून ठेवा.