श्रमिकांचे स्थलांतर आणि शेजारी देश



रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत आखाती देशांत नोकरीस असलेला मनुष्य ही नवलाई राहिलेली नाही. त्याने पाठविलेल्या पैशांवर घरे उभी राहिली, मुले शिकली. परंतु त्याच्याप्रमाणेच नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका येथील श्रमिकही तेथे राबत असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यांची सरकारे निराळी. त्यांच्या श्रमांचा बाजार मात्र एकच आहे. एकाने वाजवी वेतन मागितले, की शेजारच्या देशाचा माणूस याहून कमी पैशांत येईल, हे उत्तर तयार असते.

ही अडचण एकट्या देशाला सोडविता येण्याजोगी नाही, हे ओळखून २००३ साली आशियातील दहा श्रमिक पाठविणारे देश कोलंबो येथे एकत्र आले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका हे त्यांत होते. एरवी यांतील काहींचे एकमेकांशी किती पटते, हे मी सांगावयास नको! 'कोलंबो प्रक्रिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंचाची सदस्यसंख्या पुढे बारा झाली. २००८ साली अबू धाबी येथे श्रमिकांना काम देणाऱ्या देशांशीही संवाद सुरू झाला. भरतीतील पिळवणूक, प्रयाणापूर्वीचे मार्गदर्शन, घरी पैसे पाठविण्याचा खर्च हे या मंचापुढील विषय होत. तेथील निर्णय मात्र कोणावरही बंधनकारक नसतात.

याची किंमत कोण मोजतो? महामारीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, आपल्या श्रमिकांच्या हातची कामे जाऊ नयेत म्हणून भारताने आखाती देशांसाठी ठरविलेले किमान वेतन तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणले. हेतू रोजगार राखण्याचा होता. तथापि श्रमिकांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि जुलै २०२१ मध्ये पूर्वीचे दर पुन्हा लागू झाले. शेजाऱ्यांनी मिळून एकच किमान दर धरला असता, तर ही वेळ आली नसती, असे माझे मत आहे. असा दर अशक्य नाही. मार्च २०२१ पासून कतारने कामगाराचा देश न पाहता दरमहा एक हजार रियाल हे किमान मूळ वेतन लागू केले, आणि घरकाम करणाऱ्यांनाही त्यात सामावून घेतले.

केवळ आपल्यापुरता नियम केल्याने काय होते, हे नेपाळच्या अनुभवावरून दिसते. २०१७ साली नेपाळने घरकामासाठी आखातात जाण्यास बंदी घातली. परंतु १९५० च्या करारामुळे भारत-नेपाळ सीमा ओलांडण्यास पारपत्र अथवा परवाना लागत नाही. दलालांनी नेपाळी स्त्रियांना दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून पाठविण्यास आरंभ केला. कायदा काठमांडूचा, पळवाट मात्र आपल्या दारातून! अशा स्त्रीची नोंद तिच्या देशाच्या दप्तरी नसते. संकटात तिने दाद कोणाकडे मागावी?

२०२४ साली कोलंबो प्रक्रियेचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे आले. किमान वेतनाचा समान दर आणि दलालांच्या नावांची परस्परांत देवाणघेवाण, या दोन गोष्टींचा आग्रह भारताने तेथे धरावा, अशी माझी अपेक्षा आहे.