पहिली सफारी : रानातली आणि पाण्यावरची



मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले. हातात वही, वहीत लांबलचक यादी. दुर्बीण, टोप्या, बूट, कॅमेरा, फराळाचे डबे. म्हणाले, "गुरुजी, आम्ही चार शिक्षकमंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकामुलांसह केरळात पेरियारचं जंगल पाहायला निघालोय. पहिलीच सफारी आहे. यादीत काही राहिलंय का, तेवढं बघा."

मी यादी वाचली आणि म्हटलं, "सगळं आहे, एकच राहिलंय. बसायला शिकून घ्या."

त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं थट्टा केली. पण ती थट्टा नव्हती. का, ते आज सांगतो.

'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याचं मूळ अरबी. आपला 'सफर' हा शब्दही त्याच कुळातला. अर्थ एवढाच, की प्रवास. त्यात वाघ दिसलाच पाहिजे, असं कुठं म्हटलेलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हे गाठीशी बांधावं, म्हणजे निम्मा हिरमोड तिथंच टळतो. पेरियारला वाघ आहेत, पण ते क्वचितच कुणाच्या नजरेस पडतात. तिथला खरा मानकरी हत्ती.

आता ही जागा कशी आहे ते पाहू. पेरियार नदी मूळची पश्चिमेकडे, अरबी समुद्राला जाणारी. १८९५ साली पेनिक्विक नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली तिच्यावर धरण पुरं झालं आणि डोंगरातून बोगदा काढून तिचं पाणी पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे, मदुराईच्या बाजूला वळवलं गेलं. धरणामागं दऱ्याखोऱ्यांतून सरोवर पसरलं आणि उभं रान पाण्याखाली गेलं. त्या झाडांचे काळे खुंट सव्वाशे वर्षं उलटली तरी पाण्यातून डोकं वर काढून उभे आहेत. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. माणसानं शेतीसाठी पाणी अडवलं आणि त्या पाण्यावर हत्ती, गवे, सांबर येऊ लागले. त्रावणकोर संस्थानानं १९३४ साली सरोवराभोवतीचं रान राखीव केलं. १९७८ साली तो व्याघ्रप्रकल्प झाला. ठेकडी हे तिथलं ठिकाण, आणि लागूनच कुमिली हे गाव. मुक्काम कुमिलीला करावा.

पहिला प्रश्न, जावं कधी? शिक्षकमंडळींना दिवाळीची, नाताळची आणि उन्हाळ्याची सुट्टी. दिवाळीच्या सुमारास तिकडे परतीचा पाऊस असतो आणि सरोवर भरलेलं असतं. रानात जागोजाग पाणी असलं, की जनावर काठावर कशाला येईल? नाताळात शबरीमलेच्या यात्रेची गर्दी. ते देवस्थान याच रानाच्या पोटात आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत गाड्या आणि रस्ते यात्रेकरूंनी भरून वाहतात. म्हणून आपल्याला सोयीचा काळ एप्रिलचा. पाणी ओसरतं, काठावर कोवळं गवत उगवतं, आणि कळप खाली उतरतात. ठेकडी उंचावर असल्यामुळे आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काहिलीही नसते.

दुसरा प्रश्न, कसं जावं? कोकण रेल्वेच्या मार्गानं एर्नाकुलमला उतरावं, तिथून कोट्टयम, आणि कोट्टयमहून एस्. टी. सारख्या सरकारी बसनं घाट चढून कुमिली. हा शेवटचा टप्पा शंभराहून अधिक किलोमीटरचा आणि वळणावळणांचा आहे. मुलांना पोटभर जेवू घालून बसमध्ये बसवू नका, एवढं सांगून ठेवतो.

तिसरा प्रश्न, दिवस किती? कमीत कमी दोन पूर्ण दिवस, म्हणजे तीन रात्री. एक दिवस रानासाठी, एक पाण्यासाठी. पुष्कळ लोक सकाळी येतात, बोटीत बसतात, दुपारी निघतात आणि "काही दिसलं नाही" म्हणून बोटं मोडतात. अहो, पाहुणा दारात उभा राहून परत गेला, तर घरातली माणसं त्याला कशी दिसणार? बोटीच्या जागा वनखात्याच्या आणि सरकारी पर्यटन कार्यालयाच्या मार्फत आधी ठरवाव्यात. रविवार टाळावा आणि पहाटेची पहिली फेरी घ्यावी. लहान मुलांना पायी फेरीत आणि तराफ्यावर घेतात की नाही, हेही आधीच विचारावं. वयाची अट असते.

पहिला दिवस पायी. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, पण पेरियारला वनखात्याच्या वाटाड्याबरोबर रानातून चालता येतं. वाटाडे तिथलेच, काही मन्नान आणि पळियन या आदिवासी जमातींचे. आणखी काही असे, की जे एके काळी याच रानातून झाडांची साल चोरून नेत, शिकारही करीत. १९९० नंतरच्या दशकात वनखात्यानं त्यांना रानाचं राखण करण्याचं आणि पाहुण्यांना वाट दाखवण्याचं काम दिलं. चोरवाटा ज्याला ठाऊक, त्याच्यासारखा राखणदार कोण? शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावं. खोडकर मुलाच्या हातीच खडूची पेटी सोपवण्याची युक्ती आपण करतोच की.

चालताना मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे घालावेत, अत्तर लावू नये. पावसाळी हवेत जळवा असतात. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे मिळतात, ते घालावेत. वाटाडा थांबला की थांबावं. तो जमिनीकडे बोट दाखवील. तिथं हत्तीची लीद असेल, किंवा चिखलात गव्याचा खूर. झाडाच्या शेंड्यावर शेकरू दिसेल. आपल्या भीमाशंकरचं, महाराष्ट्राचं राज्यप्राणी असलेलं शेकरू इतक्या दूर भेटलं, की परमुलखात गाववाला भेटल्यासारखं वाटतं.

दुसरा दिवस पाण्याचा. तिथं दोन प्रकार आहेत. एक मोठी बोट, तासा-दीड तासाची. दुसरा बांबूचा तराफा. त्यात थोडी माणसं, सोबत वाटाडे आणि बंदूकधारी वनरक्षक, थोडं चालायचं आणि थोडं वल्हवायचं. ज्यांना झेपेल त्यांनी तराफा घ्यावा. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पाणमांजरांचा खेळसुद्धा दिसून जातो.

आणि आता बसण्याची गोष्ट. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बोटीनं वळण घेतलं आणि काठावर हत्तीण, तिच्या पायांत पिल्लू. मी शिक्षक, मुलांना आयुष्यभर 'जागेवर बसा' म्हणत आलो. पण त्या क्षणी मीच ताडकन उठलो, आणि माझ्यामागं पाच-सहा जण. बोट कलली. नावाड्यानं मागं वळून हातानं दाबल्यासारखी खूण केली. शब्द एक नाही. आम्ही खाली बसलो. पण हत्तिणीनं कान पसरले, पिल्लाला पोटाशी घेतलं आणि ती बांबूत शिरली. दोन मिनिटं दिसली असती, ती दोन क्षणांत गेली.

माझं एवढ्यावर भागलं. पण याच सरोवरात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटली आणि ४५ माणसं दगावली. जनावरं दिसली म्हणून लोक एका बाजूला धावले, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढं चौकशीत बोटीच्या बांधणीतले आणि व्यवस्थेतलेही दोष निघाले. ते दोष निस्तरणं आपल्या हाती नाही. आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. लाइफ जॅकेट बोटीत पाय टाकण्याआधी बांधायचं, पट्टे आवळून, मुलांचं स्वतः तपासून. उकडतं म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि हत्ती दिसो की वाघ, जागेवरून उठायचं नाही. बोट कुठंही, कितीही माणसांची असो, जास्त भरलेली वाटली तर खुशाल उतरून पुढच्या फेरीला थांबावं. भिडेपोटी बसू नये.

पाहा, रानात आणि पाण्यावर नियम एकच. जमिनीवर स्वस्थ बसलं तर जनावर दिसतं. पाण्यावर स्वस्थ बसलं तर जीव राहतो.

त्या तरुण शिक्षकांना मी सांगितलं, जाण्याआधी आठ दिवस रोज पहाटे मुलांना घेऊन गावच्या तळ्याकाठी बसा. अर्धा तास. बोलायचं नाही, उठायचं नाही. खंड्या कुठं बसतो, बगळा किती वेळ एका पायावर उभा राहतो, पाणकोंबडी कुठल्या गवतातून बाहेर येते, ते नुसतं पाहायचं.

परवा ते पुन्हा भेटले. म्हणाले, "गुरुजी, पहिल्या दिवशी पोरं पाच मिनिटंही बसली नाहीत. आठव्या दिवशी मुंगूस आमच्या पायांजवळून पाणी पिऊन गेलं."

म्हटलं, "झालं तर मग. तुमची सफारी सुरू झाली. आता तिकिटं काढा."