सुटकेसमधून भिंतीवर

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



घरातल्या भिंतीवर लहान चित्रं कशी मांडावीत, हे सांगायला एका कॉम्प्युटर इंजिनियरला उभं केलंय, तेव्हा अपेक्षा माफकच ठेवा! मी चित्रकार नाही. पण गेल्या वर्षी आमचं सांगलीचं घर पाडायचं ठरलं आणि भिंतीवरून उतरवलेल्या तीसेक तसबिरींभोवती आम्ही भावंडं बसलो. कुणी काय न्यायचं? माझी निवड एअरलाइननेच करून ठेवली होती. 23 किलो, आणि बॅगेत मावेल तेवढंच.

आपल्या कॅरीतल्या बहुतेक घरांचं असंच आहे. येतं ते छोटं. वारलीचा एखादा कागद, सावंतवाडीच्या गंजिफाचे दोन-चार पत्ते, पिंगुळीच्या चित्रकथीची पानं, दीनानाथ दलालांनी काढलेलं जुन्या 'दीपावली'चं मुखपृष्ठ. इथल्या उंच भिंतीवर ही चित्रं सुटी लावली तर पोस्टाच्या तिकिटासारखी हरवतात. म्हणून एकत्र लावायची. दुकानात एकसारख्या नऊ फ्रेम्सचा सेट मिळतो, तो मात्र घेऊ नका. घराची हॉटेलची लॉबी होते.

त्यापेक्षा आधी बघा, हे चित्र मुळात कुठे असायचं? वारली चित्र भिंतीवरचंच. लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने घरातल्या भिंतीवर काढत. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी पाड्यांवर कागद नेला आणि जिव्या सोमा मशे यांचं काम जगभर पोचलं. कागदामुळे भिंत बॅगेत मावली म्हणा ना! चित्रकथी मात्र भिंतीसाठी नव्हतीच. ठाकर कलाकार एकेक सुटं पान समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगत. आणि गंजिफा म्हणजे चक्क खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण 120 गोल पत्ते!

आमच्या मुलीने विचारलंच, "बाबा, पत्ते आहेत तर काचेमागे का?"

मुद्दा बरोबर होता. मग गंजिफासाठी तिच्या हाताला येईल अशी अरुंद फळी ठोकली. चित्रकथीला पुढून उघडणारी फ्रेम आणली. दर महिन्याला पान बदलतं आणि त्या दिवशी मला गोष्ट सांगावी लागते. (गाण्याचा आग्रह अजून कुणी केलेला नाही.)

देवाच्या तसबिरीवरून मात्र घरात चर्चासत्र झालं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील चित्रांनी देव घरोघरी भिंतीवर आले. जुन्या घरांत तसबीर छताजवळ, पुढे झुकलेली असायची, कारण बघणारे खाली सतरंजीवर बसत. म्युझियममध्ये चित्राचा मध्य साधारण 57 इंचांवर धरतात. आईचं म्हणणं, इंच राहू देत, चपलांच्या रॅकवर देव नको! मी वाद घातला नाही. देव देवघराकडे गेले. आजी-आजोबांचा फोटो मात्र चित्रांच्या मधोमध आहे, हाराशिवाय.

आता कामाचं थोडं. ग्रोसरीच्या कागदी पिशव्या फ्रेमच्या मापाने कापून निळ्या टेपने भिंतीला चिकटवा आणि आठवडाभर जाता-येता बघा. मांडणी तीनदा तरी बदलते. दोन फ्रेम्समध्ये दोन-अडीच इंच सोडा. ड्रायवॉलमागचे स्टड सहसा 16 इंचांवर असतात, जड तसबीर तिथेच. पश्चिमेच्या खिडकीसमोर कागदावरचं काही लावू नका, रंग उडतात. काच आणि चित्र यांत माउंट हवाच, नाहीतर इथल्या दमट उन्हाळ्यात कागद काचेला चिकटतो.

आणि फ्रेमच्या मागे चिठ्ठी लावा. कुणी काढलं, कुठून आलं, कुणी मढवलं. आमच्याकडे हे सगळं सांगू शकतील अशी आता दोनच माणसं आहेत, माझी आई आणि आत्या. दोघींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. म्हणून रविवारी सकाळी मुलगी फोनवर विचारते आणि मोडक्यातोडक्या देवनागरीत लिहून घेते. सहा चिठ्ठ्या झाल्या. दलालांच्या मुखपृष्ठाची अर्धीच आहे. तो अंक आजोबांनी विकत आणला होता की वाचनालयातून आणून परतच केला नाही, यावर आई आणि आत्याचं अजून एकमत झालेलं नाही.