तेथे वशिला लागत नाही



विंडोज संगणकासाठी 'फ्लो लाँचर' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. ऑल्ट व स्पेस या कळा एकत्र दाबून नाव टाइप केले की हवा तो प्रोग्राम उघडतो. त्याला नवे काम शिकविणारी जोड म्हणजे प्लगइन. पायथॉन येणारा विद्यार्थीही ती लिहू शकतो. 'प्लगइन.जेसन' या फाईलमध्ये नाव, आवृत्ती व ती जोड कोणत्या शब्दाने चालू व्हावी हे नोंदवायचे. सारी संहिता गिटहबवर खुली ठेवायची आणि अधिकृत यादीत समावेशासाठी विनंती पाठवायची.

तेथे पदवी वा वशिला लागत नाही. मात्र पुढे तक्रारी आल्या, तर चूक सुधारून नवी आवृत्ती द्यावी लागते. पालकहो, मुलामुलींना गुणांबरोबर एवढेही विचारा: "यंदा स्वतः काय बनविलेस?"