अक्षर, शब्द आणि अर्थ : परप्रांतातील मराठी मुलांचे वाचन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत गणेशोत्सव झाले, नाटके झाली, कोजागिरीची संमेलने झाली. त्यांचे कौतुक करण्यास अधिकारी वक्ते येथे आहेत. आमच्याकडे संयोजकांनी एक साधा विषय सोपविला आहे : मुलांचे वाचन. विषय साधा खरा. पण मंडळाच्या ग्रंथालयातील कपाटे पुढील पन्नास वर्षांत उघडली जाणार की नुसतीच पुसली जाणार, हे त्यावरच ठरणार आहे.

परप्रांतातील मराठी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. शाळेचे माध्यम इंग्रजी, अंगणातली भाषा कानडी, तेलुगू, बंगाली किंवा गुजराती, दूरदर्शन संचावरची हिंदी; त्यात घरी मराठी. एवढ्या भाषांच्या ओझ्याखाली मूल वाचनात मागे तर पडणार नाही ना? ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला कोणी शिक्षक देतात, आणि मुलाच्या हिताची काळजी असलेले आईवडील मोठ्या कष्टाने तो पाळतात. मग आजी आणि नातू यांच्यातील बोलणे ‘जेवलास का’ एवढ्यावर येऊन थांबते. हा सल्ला योग्य आहे काय? गेल्या सहा दशकांत वाचनाच्या प्रक्रियेवर जे संशोधन झाले, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. बोलणे मूल आपोआप शिकते, वाचणे तसे शिकत नाही. माणूस फार प्राचीन काळापासून बोलतो आहे. लेखनकलेचे वय मात्र सुमारे पाच हजार वर्षांचे. त्यामुळे वाचन हे शिकवावेच लागते. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाची एक सुटसुटीत मांडणी केली. त्यांच्या मते वाचन म्हणजे लिपीची उकल गुणिले भाषेचे आकलन. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी फळ शून्यच. आमच्या आजोबांच्या पिढीतील कित्येकांना संस्कृत स्तोत्रे अस्खलित वाचता येत. अर्थ विचारला तर सांगता येत नसे. तेथे उकल होती, आकलन नव्हते. आणि येथील कित्येक मुले मराठी गोष्ट ऐकून खळखळून हसतात, परंतु तीच छापील गोष्ट हाती दिली तर पान उलटून चित्र पाहतात. तेथे आकलन आहे, उकल नाही. दोन्ही मुलांना ‘वाचता येत नाही’ हा एकच शेरा मिळतो. उपाय मात्र अगदी भिन्न आहेत.

आता उकलीचा विचार करू. इंग्रजीच्या बाबतीत या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत मोठा वाद झाला. १९६७ साली केनेथ गुडमन यांनी वाचनाला एक प्रकारचा अंदाजाचा खेळ म्हटले. चित्र पाहावे, संदर्भ पाहावा आणि शब्द ओळखावा, अशी शिकवण त्यातून वर्गांत पसरली. त्याच वर्षी जीन चॉल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखविले की, अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पद्धतशीरपणे शिकवलेली मुले आरंभीच्या वाचनात सरस ठरतात. पुढे कीथ रेनर आदी संशोधकांनी वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. कुशल वाचक शब्द गाळून अंदाजाने धावत नाही, बहुतेक प्रत्येक अर्थवाही शब्दावर त्याची नजर क्षणभर ठरते, असे त्यातून दिसले. अंदाज बांधतो तो कच्चा वाचक. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने शेकडो प्रयोगांचा आढावा घेऊन पाच अंगे सांगितली : शब्दांतील सुटे ध्वनी ओळखणे, अक्षर-ध्वनीचे नाते, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन.

आपल्या वर्गांत काय घडते? ‘सी-ए-टी कॅट’ हा घोष आपण सर्वांनी केला आहे. परंतु विचार करून पाहा : ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ जोडले तर ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ होत नाही. ही अक्षरांची नावे झाली, ध्वनी नव्हेत. मुलाला ‘क्’, ‘ॲ’, ‘ट्’ हे ध्वनी सांगून ते जोडण्यास शिकविले, तर तेच मूल न घोकता आणखी दहा शब्द स्वतः वाचते. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वर देवनागरीत चंद्राच्या खुणेने वेगळे दाखविता येतात. मराठी घरातील मुलाला हा लाभ अनायासे मिळतो. उलट इंग्रजीतील दोन निरनिराळ्या अक्षरांचे ध्वनी आपण ‘व’ या एकाच अक्षरात कोंबतो. तो फरक ओठ-दातांच्या हालचाली दाखवून मुद्दाम शिकवावा लागतो.

येथे भेंड्यांची आठवण होते. शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द शोधण्याचा हा खेळ म्हणजे भाषेतील ध्वनींकडे लक्ष वेधण्याचे उत्तम शिक्षण आहे. मात्र भेंड्यांत आपण अक्षरापर्यंत पोचतो. इंग्रजीसाठी त्याहून बारीक चिरावे लागते. ‘मॅट’मधला ‘म्’ काढून ‘ब्’ घातला तर काय होईल, असा खेळ रोज पाच मिनिटे खेळला तरी पुरे. त्याला पाटी लागत नाही की पुस्तक.

मराठीच्या लिपीची घडण वेगळी आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आणि सुमारे चव्वेचाळीस ध्वनी, म्हणून गोंधळ. मराठीत ध्वनी आणि चिन्ह यांचा मेळ पुष्कळ चांगला, परंतु चिन्हांची संख्या मोठी; बाराखडीच धरली तरी चारशेच्या घरात जाते, जोडाक्षरे निराळीच. उच्चारात ‘क’नंतर येणारी पहिली वेलांटी लिहिताना आधी बसते. एकच ‘र’ अर्क, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या चार शब्दांत चार वेष घेतो. सोनाली नाग यांनी कानडी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखविले की, अशा लिपीतील अक्षरज्ञान चौथी इयत्तेपर्यंत आणि त्याही पुढे चालू राहते. तेव्हा पहिलीतील मूल जोडाक्षराशी अडखळले तर त्याला मंद ठरविण्याचे कारण नाही.

कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा येथील मुलांचा काही वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिलीचे वर्ष बहुधा मुळाक्षरांतच जाते, काना-मात्रा-वेलांटी मागाहून येतात, आणि अर्थपूर्ण मजकूर मुलाच्या हाती फार उशिरा पडतो, असे त्यात आढळले. यावर उपाय आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीच्या प्रारंभिक वाचनासाठी दीर्घकाळ काम केले आहे. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने जाण्याऐवजी शब्द घडविणारी थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह एकत्र घ्यावे. घ, र, म, क, ल आणि काना एवढ्याच भांडवलावर घर, मका, काका, मामा, काम, कला हे शब्द होतात, आणि ‘मामा, काम कर’ हे वाक्यही होते! पहिल्याच आठवड्यात मूल मामाला कामाला लावते आणि हसते. त्या हसण्यात उकल आणि अर्थ यांची गाठ पडलेली असते.

परप्रांतातील मुलांची आणखी एक अडचण आहे. शाळेत हिंदी शिकल्यामुळे त्यांना देवनागरी येते, पण ती हिंदीच्या उच्चारांची. ‘ज्ञ’ चा ‘ग्य’ होतो, ‘ऋ’ चा ‘रि’ होतो, आणि ‘चार’ व ‘चारा’ यांतील दोन निराळे ‘च’ एकच होतात. म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि थोडे या अर्थाचा ‘जरा’ लिहिताना एकच, बोलताना भिन्न. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, कानांनीच शिकावा लागतो. म्हणून मराठी वाचनाचा वर्ग आधी मराठी ऐकण्याचा वर्ग असला पाहिजे.

आता आकलनाकडे वळू. १९७९ साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लग्नाचे वर्णन करणारी दोन पत्रे, एक भारतीय लग्नाचे आणि एक अमेरिकन, दोन्ही देशांतील वाचकांना वाचावयास दिली. पत्रे इंग्रजीतच होती. प्रत्येकाने आपल्या रीतीच्या लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातील अधिक तपशील सांगितला. अमेरिकन वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तो तेथे अभिमानाचा विषय. परंतु एका भारतीय वाचकाला आठवले ते एवढेच की, पोशाख जुना आणि चालू रिवाजाबाहेरचा होता. शब्द सर्व कळले होते. कळला नव्हता तो समाज.

हेच आपल्या मुलांचे होते. ‘दिवाळीत आम्ही किल्ला केला आणि त्यावर मावळे मांडले’ हे वाक्य येथील मूल अडखळल्यावाचून वाचील. परंतु अंगणात मातीचा किल्ला ज्याने केलेला नाही, त्याला वाटेल की कोणी कुटुंब गडावर राहण्यास गेले. म्हणजे मंडळाच्या आवारात दिवाळीला जो किल्ला होतो, तो केवळ हौसेचा भाग नाही. तो वाचनाचा पाठ आहे. हुरडा, वारी, भाऊबीज, मंगळागौर हे शब्द कोशातून समजत नाहीत.

आता मूळ प्रश्न : घरच्या मराठीने इंग्रजी वाचन बिघडते काय? ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांवरील संशोधनाचा मोठा आढावा डायेन ऑगस्ट आणि टिमथी शॅनाहन यांच्या संपादकत्वाखाली २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष तीन शब्दांत नव्हे, तीन वाक्यांत सांगतो. वाचनाची जी पाच अंगे इतरांना उपयोगी, ती या मुलांनाही उपयोगी. ही मुले शब्दांची उकल बरोबरीने करू लागतात, परंतु बोली इंग्रजीचे बळ कमी पडल्याने आकलनात मागे राहतात; तेव्हा वर्गात केवळ अक्षरओळख पुरत नाही, बोलणे आणि शब्दसंपत्ती यांवर भर हवा. आणि पहिल्या भाषेत वाचण्यास शिकणे हे इंग्रजी वाचनास बाधक नसून साहाय्यक ठरते. जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच मांडले होते की, दोन भाषांची मुळे खोलवर एकमेकांना पोषण देतात. ‘कारण’ आणि ‘परिणाम’ यांतील नाते ज्याला मराठीत समजले, त्याला इंग्रजीत ते फिरून समजून घ्यावे लागत नाही. नवा शब्द तेवढा शिकावा लागतो.

येथे भाबडेपणा नको. मराठी आल्याने इंग्रजी आपोआप येते, असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीचे ध्वनी, शब्दलेखन, शब्द हे स्वतंत्रपणे शिकवावेच लागतात. तसेच नीट शिकवूनही एखादे मूल दोन्ही भाषांत अक्षरांशी झगडत राहिले, तर दोष बहुभाषिकतेवर न ढकलता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. वाचनदोष आळसामुळे येत नाही आणि घरची भाषा सोडल्याने जातही नाही. परंतु ज्या आईला इंग्रजीत मोजकीच वाक्ये येतात, तिने मुलाशी इंग्रजीतच बोलावे या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. त्याने मुलाला चांगली इंग्रजी मिळत नाहीच. समृद्ध मराठी मात्र हातची जाते.

तात्पर्य, मंडळाने काय करावे? आमच्या काही सूचना आहेत. रविवारच्या वर्गाचा आरंभ गोष्ट ऐकण्याने व भेंड्यांनी व्हावा. अक्षरे थोडी पण शब्द घडविणारी घ्यावीत. एकच उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्यावा, म्हणजे ओघ येईल. आजीआजोबांनी आपल्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून दिल्या तर मूल त्याबरोबर ओळीवर बोट फिरवीत वाचील. दर आठवड्यास ‘आग्रह’, ‘संकोच’, ‘निर्धार’ असे बोलण्यात क्वचित पण पुस्तकात नेहमी येणारे पाच शब्द घ्यावेत, आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्दही शेजारी ठेवावेत. आणि घरी आईवडिलांनी आपल्याला सर्वांत चांगली येते त्या भाषेत मुलाशी भरपूर बोलावे, त्याला वाचून दाखवावे, त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु शासनाचा दर्जा ग्रंथाला मिळतो, वाचक घरातच घडवावा लागतो. या शहरात ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभारले, त्यांनी आपल्या मुलांना मराठी बोलावयास शिकविले. त्यांच्या नातवंडांना ती वाचता येईल की नाही, हे आता आपल्या हाती आहे. आणि त्यासाठी त्यांच्या इंग्रजीचा बळी द्यावा लागत नाही, एवढे आश्वासन आम्ही अभ्यासाच्या आधारे निश्चित देऊ शकतो.