साडेसातचा सामना आणि रोह्याची गाडी



रोहा स्थानकात मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. दिव्याहून येणारी मेमू इथपर्यंत येते आणि परत फिरते. ती दिवसातून मोजक्याच वेळा येते आणि शेवटची कधी सुटते, हे पेण-रोह्याकडच्या माणसाला आपल्या जन्मतारखेसारखं पाठ असतं. लग्न असो, बारसं असो, मुंबईच्या दवाखान्यातली भेट असो, आमच्याकडे आधी गाडी बघतात आणि मग मुहूर्त. आज मी बोलणार आहे खेळाच्या वेळापत्रकावर. पण आमच्या भागातून खेळाकडे बघायचं तर वाट गाडीच्या वेळापत्रकातूनच जाते.

फुटबॉलची इंडियन सुपर लीग 2014 साली सुरू झाली. मुंबई सिटीचे घरचे सामने तेव्हा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे. पहिलाच घरचा सामना 18 ऑक्टोबरला पुण्याच्या संघाशी झाला आणि मुंबईनं तो पाच-शून्य असा जिंकला. नेरूळ म्हणजे पेणवाल्यांना जवळजवळ अंगणातच. सामना सातला सुरू व्हायचा, नवाच्या सुमारास सुटायचा. पुढे पनवेल, आणि पनवेलला काहीतरी मिळतंच. दोघे-तिघे मोटरसायकलवरूनसुद्धा जात. 2016 पासून संघ अंधेरीच्या क्रीडा संकुलात गेला. मुंबईच्या मधोमध मैदान, ही मुंबईकरांसाठी चांगलीच गोष्ट, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पुढच्याच हंगामात, म्हणजे 2017-18 ला, सामन्यांची नेहमीची वेळ सातवरून आठ झाली. त्यानंतर ती साडेसातवर आली. या सगळ्यात पेणच्या गाडीची वेळ कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

साडेसातचा सामना म्हणजे काय, ते एकदा हिशेब करून बघा. धाटावच्या एमआयडीसीत पहिली पाळी करणारा एखादा पोरगा दुपारी सुटतो, डबा घरी टाकतो, निळी जर्सी अंगात घालतो आणि निघतो. जाताना अडचण नसते, उत्साहात माणूस कुठूनही कुठेही पोचतो. पंचांची शेवटची शिट्टी वाजते साडेनवाच्या आसपास. गर्दीतून बाहेर पडून आझाद नगरची मेट्रो, तिथून अंधेरी, अंधेरीहून हार्बरची लोकल. पनवेलला उतरेपर्यंत अकरा वाजून गेलेले असतात. आता रोह्याकडे जाणारी मेमू नाही. स्टँडवर एसटी मिळाली तर मिळाली. नाहीतर इकोवाला गाडी भरेपर्यंत उभा ठेवतो आणि 'वडखळपर्यंतच जाणार' म्हणतो. पुढे आपला मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं, एवढंच सांगतो. श्रोत्यांपैकी ज्यांची हाडं त्या रस्त्यावरून गेली आहेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आणि सकाळी सातला पुन्हा पहिली पाळी आहेच.

म्हणून हा पोरगा काय करतो? पंच्याहत्तराव्या मिनिटाला उठतो. आपण कुठल्याही मैदानावर ते दृश्य बघू शकता. जिन्याकडच्या रांगांमधली माणसं आधी मोबाइलवर वेळ बघतात, मग गुणफलक बघतात, मग शेजाऱ्याकडे बघतात. बरोबरी असली की जीव निघत नाही. एक पाय पायरीवर ठेवून उभ्यानं दोन मिनिटं आणखी. कॉर्नर मिळाला की पुन्हा खाली बसतात. आणि शेवटी जायचं तेव्हा जिन्यावरून पाठमोरे उतरतात, मैदानाकडे तोंड करून. गोल बहुधा ते मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर असताना होतो. आवाजावरून कळतं की झाला. कुणी केला, ते मोबाइलवर बघावं लागतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवटचा गोल फुकट बघणाऱ्यांच्या नंतर कळतो.

वेळ अशी का ठरते, यात गूढ काही नाही. संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात घरोघरी टीव्ही चालू असतो आणि त्याच वेळेला जाहिरातीचा भाव सर्वांत जास्त असतो. आठवड्याचे वारसुद्धा त्याच हिशेबानं वाटले जातात. रोज एक सामना असला तर वाहिनीला रोजचा खुराक मिळतो, मग एखादा घरचा सामना मंगळवारी येतो, एखादा गुरुवारी. शिवाय सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीत दाखवणाऱ्या वाहिनीचाही हिस्सा होता. कबड्डीत तर 2015 मध्ये स्टारनं प्रो कबड्डी चालवणाऱ्या कंपनीचे बहुसंख्य समभागच घेतले. दाखवणारा आणि वेळापत्रक करणारा एकच असल्यावर मैदानावर येणाऱ्याच्या बाजूनं बोलायला टेबलाशी कुणी उरत नाही.

कबड्डीचं नाव घेतलं, तर तिच्यावर थोडं थांबायला हवं. फुटबॉल आमच्याकडे आवडीनं बघतात, कबड्डी मात्र आमच्याकडे राहते. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात भातकापणी उरकली की गावोगाव मैदानं आखली जातात. त्यामुळे 2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिलाच सामना वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबा आणि जयपूरमध्ये झाला, तेव्हा आमच्या भागात घरचं कार्य असल्यासारखा आनंद होता. तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईला 'करो या मरो', हे सगळं टीव्हीच्या सोयीसाठी आलं हे कळत होतं. तरी लोकांनी ते मनापासून स्वीकारलं, कारण खेळाला वेग आला. टीव्हीनं कबड्डीचं नुकसान केलं, असं मी म्हणणार नाही. खेळाडूला पैसा मिळाला, नाव मिळालं, पोरीबाळी दिवाणखान्यात बसून पकडीची चर्चा करू लागल्या.

पण त्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना कधी होता, आठवतंय? 31 ऑगस्ट 2014, रविवार, मुंबईतच, पुन्हा यू मुंबा आणि जयपूर. आणि गणेश चतुर्थी होती 29 ऑगस्टला. म्हणजे गणपतीचा तिसरा दिवस! पेण हे गणपतीच्या मूर्तींचं गाव. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती निघत असतात आणि चतुर्थीनंतर त्याच माणसांच्या घरी गणपती बसलेला असतो. घरात देव बसलेला, पाहुणे जमलेले, संध्याकाळची आरती, आणि हा म्हणणार, 'मी वरळीला कबड्डी बघून येतो'? आईनं त्याला पाटावरून उठूच दिलं नसतं. मुंबईत राहणारे निम्मे कोकणी त्या दिवशी कोकणात होते. त्यांनी तो सामना बघितला, पण टीव्हीवर, आणि मुंबईचा संघ हरला तो आरतीच्या आधी की नंतर, एवढंच त्यांना आठवतं. पुढे 2025 चा बारावा हंगाम सुरू झाला 29 ऑगस्टला. त्या वर्षी चतुर्थी 27 ला होती. म्हणजे पुन्हा गणपतीचा तिसरा दिवस. अकरा वर्षांत पंचांग कुणी उघडलेलं दिसत नाही.

आणि बाराव्या हंगामाचं तर वेगळंच. सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली एवढ्या चारच शहरांत झाले. पुण्याचा संघ अंतिम फेरीत पोचला आणि दिल्लीकडून दिल्लीतच हरला. महाराष्ट्राचे दोन संघ स्पर्धेत, पण महाराष्ट्रात एकही सामना नाही. अकराव्या हंगामात निदान पुण्यातलं बालेवाडी होतं. मुंबईत, डोममध्ये, यू मुंबा खेळली ती 2024 च्या जानेवारीत. कॅमेऱ्यांचा सगळा संसार गावोगाव हलवायला खर्च येतो, हे मान्य. दोन-चार ठिकाणी मुक्काम टाकला की स्वस्तात काम होतं. मैदान कुठलंही असलं तरी पडद्यावर मॅट सारखीच दिसते. फुटबॉलमध्ये वेळ हलली होती, इथे गावच हललं.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या कबड्डीच्या स्पर्धा तरी कुठे वेळेवर संपतात? रात्री दोन-दोनला अंतिम सामना लागतो! अगदी खरं. रात्रीचा खेळ आम्हाला नवा नाही. दिवसभर शेतावर, कारखान्यात, होडीवर असलेला माणूस रात्रीच मोकळा होतो, म्हणून तर आमची कबड्डी पूर्वीपासून दिव्याखाली. पण तिथे माइकवर बसलेल्याचं बोलणं एकदा कान देऊन ऐका. 'पंच मंडळींना विनंती, खारेपाटातल्या मंडळींना लांब जायचं आहे, त्यांचा सामना आधी लावून घ्या.' 'अमुक गावच्या संघाचा टेम्पो बाहेर उभा आहे.' 'महिला प्रेक्षकांसाठी आयोजकांनी गाडीची सोय केली आहे, त्यांनी जागा सोडू नये.' वेळापत्रक तिथेही बदलतं, एका रात्रीत दहा वेळा बदलतं, पण कुणासाठी बदलतं ते सगळ्यांना ऐकू येतं. आणि नाही पटलं तर मैदानाच्या कडेला जाऊन आयोजकाशी दोन शब्द बोलता येतात. तो उद्या बाजारात भेटणारच असतो.

रेडिओवरून बोलतोय म्हणून जाता जाता सांगतो. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत आमची पिढी क्रिकेट शिकली. रेडिओ मैदानावर गेला, कोपऱ्यात बसला, जे दिसलं ते सांगत राहिला. सामना अर्धा तास पुढे ढकला, आमच्या बातम्या आहेत, असं त्यानं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

मात्र एक गोष्ट आपणही कबूल करायला हवी. 23 डिसेंबर 2017 ला रिआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना माद्रिदला दुपारी एक वाजता ठेवला होता. इतक्या लवकर तो सामना पूर्वी होत नसे. एक वाजताच का? कारण तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि पूर्वेकडच्या देशांत रात्र फार झालेली नसते. आशियातला प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून ती वेळ निवडली होती. पेण-रोह्यातल्या पोरांनी तो सामना चहाबरोबर बघितला, बार्सिलोनाचे तीन गोल बघितले आणि वेळ काय मस्त आहे म्हणाले. तिकडे माद्रिदमध्ये, जिथे माणसं दुपारचं जेवण दोन-तीनच्या पुढे घेतात, तिथला प्रेक्षक घासही न घेता स्टेडियमकडे निघाला होता. त्याच्या जेवणाची वेळ आपल्यासाठी हलली होती. अंधेरीला आपण जिन्यावरून पाठमोरे उतरतो, तसा कुणीतरी कुठेतरी आपल्या चहापायी उतरत असतो.

मग यावर काही इलाज आहे की नाही? जर्मनीत झाला. तिथल्या पहिल्या दर्जाच्या लीगनं 2017-18 मध्ये काही सामने सोमवारी रात्री ठेवले. सोमवारी कामावर गेलेला माणूस दोन-चारशे किलोमीटरवर सामना बघायला कसा जाणार, म्हणून लोक चिडले. फ्रँकफर्टला प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. डॉर्टमुंडचं स्टेडियम ऐंशी हजारांचं, एरवी तिथे तिकीट मिळत नाही. 26 फेब्रुवारी 2018 च्या सोमवारी तिथे चोपन्न हजारच आले, बाकीचे ठरवून घरी बसले. कॅमेऱ्याला रिकाम्या पायऱ्या दाखवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस लीगनं जाहीर केलं की पुढच्या प्रक्षेपण करारात सोमवार नसेल. हे जमलं, कारण जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे राहील असा नियम आहे. तिथला प्रेक्षक सर्वसाधारण सभेत उभा राहून अध्यक्षाला प्रश्न विचारू शकतो. म्हणजे थोडक्यात, तिथे माइकवाला अजून गावातलाच आहे.

आपल्याकडे मुंबई सिटीचं किंवा यू मुंबाचं सभासद होऊन मत देण्याची सोय नाही, आणि घरी बसण्याचा बहिष्कार आमच्या भागातल्या माणसानं केला तरी तो कुणाला कळणार नाही, कारण गाडी नसल्यानं तो तसाही घरीच असतो. पण काही गोष्टी मागता येतील. हंगामाच्या तारखा एकदा छापल्या की निदान तिकीट विकल्यानंतर त्या हलवू नयेत. हलवल्याच, तर न मागता पैसे परत करावेत. शनिवार-रविवारचा एक तरी सामना संध्याकाळी पाचला ठेवावा. सुपर लीगनं मधल्या काळात रविवारी साडेपाचचे सामने ठेवलेही होते, तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं.

रोह्याच्या कट्ट्यावर परवा यावरूनच वाद रंगला होता. यू मुंबा पुन्हा डोममध्ये खेळायला आली तर जायचं, यावर सगळ्यांचं एकमत. पोरांच्या मागण्या दोनच: सामना संध्याकाळी लवकर सुरू करा आणि गणपतीत ठेवू नका. पहिली कुणी मानणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. दुसरीसाठी मात्र ती भांडायला तयार आहेत, आणि पत्र कुणाला लिहायचं, ते विचारत होती.