आपल्या बागेचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून आपल्या खुल्या जागेतल्या बागेबद्दल हिशेबानेच बोलतो.

बागांसाठी पैसा मिळतो. २०१५ च्या अमृत योजनेत जळगाव होतं. तीत हिरव्या जागांसाठी वेगळी तरतूद होती. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला देतात. पण तो निधी घ्यायला नोंदणीकृत न्यास किंवा सेवाभावी संस्था लागते. २०२१ पासून तिची केंद्र सरकारकडे 'सीएसआर-१' नोंदणीही लागते. गृहनिर्माण संस्था त्यात बसत नाही. तेव्हा बागेसाठी वेगळी संस्था नोंदवू या.

दुसरी गोष्ट. अनुदानातून बाक येतील, झोके येतील. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की निंबाच्या रोपाला बादलीभर पाणी कोण घालणार? माळ्याचा पगार दर महिन्याला लागतो, अनुदान एकदाच येतं. म्हणून घरटी वर्गणी काढून मुदत ठेव करू. व्याज माळ्याला, मुद्दलाला हात नाही. आणि उन्हाळ्यात एकेका घराने एकेक झाड सांभाळायचं.

नाहीतर भाऊहो, उद्घाटनाची पाटी तेवढी उरेल. पहिली वर्गणी माझी लिहून घ्या.